पत्र्याचा आवाज

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनवर तू एकदम "बरं, ठेवते हं" म्हणालीस तेव्हाच कळलं, अप्पा उठून दारात आलेत. म्हणून आता हे कागदावर. हसू नकोस. नववीत शाळा सोडल्यापासून हातानं एवढं कधी लिहिलं नव्हतं, बोटं दुखायला लागलीत. पण मेसेज करायची सोय तू ठेवलीस कुठे? तुझे मेसेज अप्पांच्या कॉम्प्युटरवरही उघडतात आणि आतली ती स्क्रीनवरचं वाचणारी बाई ते खड्या आवाजात वाचून दाखवते. मागे मी "म्हातारा फार हेकट झालाय" असं लिहिलं, ते तिनं म्हाताऱ्यालाच ऐकवलं, तेही गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. आपल्या घरात पाठवलेलं, छापलेलं सगळं बोलतं. कागद तेवढा गप्प बसतो.

आता मुद्द्याचं. अप्पांच्या स्क्रीनवर "असुरक्षित" म्हणून येते सांगितलीस ती लाल पट्टी मी रोज बघतो. आमच्या गोदामात ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर ट्रकनं येतात. आम्ही ते पुसतो, खोलतो, चांगले असतील ते झाडून विकायला ठेवतो, उरलेले चुरा करायच्या मशीनमध्ये. ताई, त्यातले निम्मे ठणठणीत असतात. फक्त कंपनीनं सांगितलेलं असतं की आमची नवी सिस्टीम यांच्यावर चालणार नाही आणि जुनीकडे आम्ही बघणार नाही. म्हणजे माणूस चालतोबोलतो, जेवतोखातो, आणि त्याला सांगायचं, तुझं नाव यादीतून काढलंय, आता स्वतःच्या पायानं स्मशानात जा.

कंपनीची सिस्टीम म्हणजे भाड्याचं घर. पैसे आपण मोजायचे आणि किल्ली त्यांच्याकडे. मनात आलं की कुलूप बदलतात. माझ्या शेजारच्या बाकावर एक जण आहे, त्याला सगळे चुंबक म्हणतात, कारण त्याच्या खिशाला कायम स्क्रू चिकटलेले असतात. त्यानं मला दुसरी सिस्टीम दाखवली. ओपन सोर्स. कोणा एकाची नाही. जगभरची माणसं मिळून बनवतात, आतलं सगळं उघडं, कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं. अप्पांच्या त्या म्हाताऱ्या यंत्रावर ती पळत सुटेल. आणि तिच्यातही वाचून दाखवणारा आवाज आहे, मराठीत.

तू हो म्हण. पेनड्राइव्ह पाठवतो.

तुझा,
भिंगरी

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पाकीट मिळालं. अक्षर बघून आधी वाटलं शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून गेली. पण वाचलं सगळं. दवाखान्यात पाळी संपल्यावर, औषधांच्या कपाटामागे उभी राहून.

तुझं भाडेकरूंचं भाषण झकास आहे. पण तू घर सोडून गेलास तेव्हा अप्पा नुसते आंधळे होते, आता ते आंधळे आणि कामाचे आहेत. हा फरक तुला माहीत नाही. सकाळी दहाला बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसतात, इस्त्रीचा सदरा घालून. कचेरीत टायपिस्ट होते तसेच. लोक येतात, आपली रड सांगतात, अप्पा अर्ज टाईप करतात आणि बाईकडून वाचून घेतात. बाई म्हणजे काय आहे ते तू नीट पाहिलेलंच नाहीस. ती आली तेव्हा तिला आपल्या गल्लीचं नावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं. अप्पांनी तिला एकेक शब्द शिकवलाय. आडनावं, कचेरीतले शब्द, गिऱ्हाइकांच्या गावांची नावं. एखादं चुकलं की थांबतात, तिच्या त्या बारीक चौकटीत जाऊन ते कसं म्हणायचं ते भरतात, पुन्हा म्हणायला लावतात. "शहाणी झालीस," असंही म्हणतात. मला जन्मात म्हणाले नाहीत.

आणि आता तीच मध्येच ओरडते, असुरक्षित आहे, असुरक्षित आहे. परवा एक शिंपीणबाई आल्या होत्या. नवरा गेला, त्याच्या पेन्शनचा अर्ज. ऐन "माझे पती मयत झाले" पाशी बाईनं दम दिला. शिंपीणबाई दचकल्या. अप्पांचा चेहरा उतरला रे. म्हणाले, "माफ करा, हिला जरा बरं नाही."

बाजारातल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणतो यंत्र नवं घ्या, सिस्टीम नवी घ्या, आणि बोलता प्रोग्रॅम दर वर्षी भाड्यानं. मराठी आहे का विचारलं तर म्हणतो, बघावं लागेल.

म्हणजे तुझं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. पण मला एक सांग. कंपनीची वस्तू बिघडली तर निदान बोटं मोडायला कुणीतरी असतं. तुझ्या या सगळ्यांच्या सिस्टीमला मी कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

ताई

ता.क. "म्हातारा हेकट" ते ऐकून अप्पा हसले होते. तुला सांगायचं राहिलं.

२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बोटं माझ्या नावानं मोड. झालं?

अप्पा बाईला शिकवतात ते वाचून चुंबकला सांगितलं. तो म्हणाला वल्ली आहे तुझा बाप. मीही हसलो, पण नंतर बरंच वाईट वाटलं. मला शिकवायला बसले की पहिल्या चुकीला पट्टी टेबलावर आपटायचे. मी निघालो त्या दिवशी काय म्हणाले आठवतं? "माझे डोळे गेले, आणि तू आहेत ते वापरत नाहीस." त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. यंत्राशी मात्र शहाणी झालीस वगैरे.

असो. सोबत पेनड्राइव्ह आहे आणि वेगळ्या कागदावर काय काय करायचं ते ओळीनं लिहिलंय. घाबरू नकोस, मी रोज हेच करतो, झोपेतही करीन. अप्पांचे अर्ज ज्या फोल्डरमध्ये आहेत तो आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घे. तो घेतला की बिनधास्त फॉरमॅट मार. आमच्याकडे नियमच आहे, यंत्र आलं की पहिलं पुसायचं, मग पुढचं. जुनं ठेवून वर नवं टाकलं की दोन्ही एकमेकांच्या उरावर बसतात. स्वच्छ पाटीवर लिहिलेलं बरं.

अप्पा आत्याला बघायला जाणार म्हणालीस ना दोन दिवस? तेव्हाच उरक. त्यांना विचारत बसू नकोस. विचारलंस तर नाही म्हणतील. माझं नाव निघालं तर दोनदा नाही म्हणतील. परत आले की बटण दाबतील, यंत्र पहिल्यापेक्षा जलद सुरू होईल, कुणी दम देणार नाही. तेव्हा सांग हळूच, धाकट्यानं केलंय म्हणून. तेव्हा सांग, आधी नाही.

खरं सांगू? इथे माझं मन लागत नाही. गोदाम म्हणजे चौथी नोकरी, हीसुद्धा सोडीन की काय असं वाटतं. दिवसभर चुऱ्याच्या मशीनचा कर्रकर्र आवाज. पण आपल्या घरातलं एक यंत्र मी वाचवलं, एवढं जरी झालं तर हा महिना सार्थकी लागला म्हणेन.

भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरी,

तू लिहिलंस तसं केलं. यंत्र सुरू होतं. लाल पट्टी गेली. अप्पा आत्याकडून परत आले.

दवाखान्यात सध्या गर्दी आहे, सवडीनं लिहीन. जेवत जा वेळेवर.

ताई

२० मार्च

ताई गं,

तुझं पत्र वाचून गोदामात चक्क नाचलो. चुंबक म्हणाला, पगार वाढला का? म्हटलं, त्याहून मोठं. माझ्या बापाला मी मालक केलं! आमच्या मुकादमाला ते ऐकू गेलं. तो म्हणतो, मग बापाकडेच जा कामाला. हसलो सगळे.

पण एवढंसं पत्र? तारेच्या जमान्यातसुद्धा लोक याहून जास्त लिहीत असतील. यंत्र किती जलद सुरू होतं? अप्पा काय म्हणाले? नवा आवाज ऐकून पहिलं काय म्हणाले? तो जरा कोरडा आहे, पत्र्यावर खडे पडल्यासारखा, हे मला माहीत आहे. पण सवय होते. वेग कमीजास्त करता येतो, सांगितलंस ना त्यांना? माझं नाव काढलंस का? तेव्हा तोंड कसं झालं होतं?

मी इथे दुसऱ्या पाळीच्या पोरांनाही शिकवायला लागलोय. "कंपनीची गुलामी का करता," असं भाषण ठोकतो. चुंबक म्हणतो, भिंगरीला आता धर्म सापडला.

सगळं सविस्तर लिही. वाट बघतोय.

भिंगरी

६ एप्रिल

भिंगरी,

तुला खोटं लिहिलं नाही मी. यंत्र सुरू होतं, पट्टी गेली, अप्पा परत आले. तिन्ही खरं आहे. बाकीचं लिहायचा धीर झाला नाही.

अप्पा आत्याकडून आले, हातपाय धुतले, टेबलाशी बसले. बटण दाबलं. तुझा तो पत्रा बोलायला लागला. अप्पा म्हणाले, "बाई कुठे आहे?" मी म्हटलं, अप्पा, यंत्र बंद पडलं होतं, दुकानदारानं दुसरी सिस्टीम टाकून दिली. ते म्हणाले, "बरं." मग शिंपीणबाईंचा अर्ज उघडला आणि वाचायला लावला. भिंगरी, त्या पत्र्याला त्यांचं आडनाव येत नव्हतं. गल्लीचं नाव येत नव्हतं. कचेरीचा एक शब्द धड येत नव्हता. अप्पांनी सवयीनं ती शिकवायची चौकट शोधली. दोन बोटांची ती खूण त्यांच्या हातात बसलेली आहे. काहीच उघडलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मग म्हणाले, "शिकवलेलं सगळं गेलं का?"

अर्ज मी नीट काढून ठेवले होते. एकही गेला नाही. पण शिकवलेले शब्द अर्जांच्या फोल्डरमध्ये नव्हतेच. ते बाईच्या पोटात होते. आणि तू लिहिलं होतंस, फोल्डर घेतला की बिनधास्त फॉरमॅट मार. मी तुला आधीच कळवलं होतं रे, एकेक शब्द शिकवलाय म्हणून. तू चुंबकला गंमत म्हणून सांगितलंस.

दुकानदाराकडे यंत्र घेऊन गेले, म्हटलं होतं तसं परत करा. तो म्हणतो जुनी सिस्टीम टाकता येईल, पण बोलत्या प्रोग्रॅमची किल्ली आता कंपनी देत नाही, ते खातंच बंद झालं. तुझं भाषण खरं ठरलं. घे, आनंद मान.

अप्पा आता दहाला उठून सदरा घालतात, टेबलाशी बसतात, आणि यंत्र सुरू करत नाहीत. बंद यंत्राच्या कळांवर बोटं ठेवून बसतात. लोकांना मी सांगते, बरं नाही त्यांना. शिंपीणबाई बाजारात अर्ज करून आल्या, तो चुका दाखवून परत आला. त्या परवा दारात उभ्या होत्या. अप्पा आतून म्हणाले, "ताई, त्यांना सांग, मी काम सोडलं."

मी मोडली हो बोटं, तुझ्या नावानं. सांगितलं होतंस म्हणून. काही फरक पडला नाही.

तू केलंस हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. सांगितलं तर या घराचं दार तुला कायमचं बंद होईल. आणि हात माझे होते.

ताई

१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं. नंतर डबा तसाच बंद केला.

गोदामात येणाऱ्या यंत्राला मालक नसतो ताई. कुणाचं होतं, कोण त्याच्याशी काय बोलत होतं, आम्ही बघत नाही. बघायचंच नाही असा नियम आहे. पुसायचं आणि पुढे ढकलायचं. मी आपल्या अप्पांचं यंत्रही तसंच पट्ट्यावरून पुढे ढकललं. दुसरं काही नाही झालं. हेच झालं.

चुंबकपाशी गेलो, म्हटलं पुसलेल्यातून काढून दे. त्यानं विचारलं, पुसल्यावर वर नवं टाकलं का? हो म्हटलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. एरवी त्याला स्क्रू चिकटतात, त्या दिवशी मी चिकटून उभा राहिलो.

मुकादमाला काम सोडून चाललो म्हणून सांगितलं होतं, घरी येतो म्हणून. मग वाटलं, येऊन करू काय? अप्पांच्या समोर उभा राहू आणि ते माझ्याकडे बघू शकत नाहीत, मी बोलू शकत नाही. दोन खांब.

एक गोष्ट आहे. नव्या सिस्टीममध्ये शिकवलेले शब्द कुणाच्या पोटात जात नाहीत. एक साधी फाईल असते, अर्जासारखीच. उघडायची, शब्द लिहायचा, पुढे तो कसा म्हणायचा ते लिहायचं. ती पेनड्राइव्हवर घेता येते, कुणाला देता येते. कोणतीही कंपनी मेली तरी ती मरत नाही. ती कशी उघडायची ते मागच्या पानावर लिहिलंय. मला कळतंय, अप्पांना आता पुन्हा पहिलीपासून सुरू कर असं सांगायचं म्हणजे काय. तरी त्यांना दाखव. दुकानदारानं सांगितलं म्हण.

आणि दुसरी एक गोष्ट डोक्यात आहे, ती झाली तर लिहीन.

भाषणं बंद केली आहेत.

भिंगरी

२० मे

ताई,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे.

सोबतचा पेनड्राइव्ह फेकून देऊ नकोस. त्यात आवाज आहे. चुंबक म्हणाला होता की या सिस्टीमला आवाजसुद्धा आपला घालता येतो. एका माणसानं पुष्कळ वाक्यं वाचून दिली की यंत्र त्यावरून बोलायला शिकतं, न वाचलेलंही बोलतं. कंपनीच्या बाईत असं कुणाला हात घालता आला असता का? म्हटलं, मी वाचतो. तो म्हणाला, तू? तुला वाचता येतं?

मोठे कॉम्प्युटर ज्यात येतात त्या फोमच्या पट्ट्या गोदामाच्या कोपऱ्यात रचून आम्ही एक खोली केली. आत बसलं की चुऱ्याच्या मशीनचा आवाज येत नाही. तिथे महिनाभर, दुपारच्या सुट्टीत रोज वाचलं. पेपरातलं, अर्जांतलं, चुंबकच्या पोरीच्या शाळेच्या पुस्तकातलं. घाम निथळायचा. जोडाक्षर आलं की जीभ अडायची, मग चुंबक बाहेरून थोपटायचा, परत. शाळेत एवढं वाचलं असतं तर आज मुकादम मला साहेब म्हणाला असता. पुढे यंत्राला ते शिकवायचं काम चुंबकनं केलं.

पत्र्यापेक्षा बरा आहे गं तो आवाज. माणसाचा आहे. अप्पांना सांगू नकोस कुणाचा. मी इथून जाऊन एवढी वर्षं झाली, माझा आवाजही बसलाय आता, ओळखणार नाहीत. नुसता बदल आणि बघ, ते कामाला बसतात का. बसले तर मला एका ओळीत कळव. नाही बसले तर नको कळवू.

भिंगरी

५ जून

चि. भिंगरी,

मी उत्तर दिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. ती शब्दांची फाईल अप्पांना दाखवली होती, "बघू" म्हणाले होते आणि बघितली नव्हती.

तुझा आवाज मी सोमवारी टाकला. अप्पा आंघोळीला गेले होते तेव्हा. मग म्हटलं, अप्पा, दुकानदारानं नवा आवाज दिलाय, एकदा ऐका तरी, माझ्यासाठी. बसले. यंत्रानं पहिलं वाक्य म्हटलं आणि अप्पांची मान अशी एकदम वर झाली की मला वाटलं दिसायला लागलं. मला म्हणाले, "तू दवाखान्यात जा, उशीर होईल."

दुपारी परत आले तर दारातून आवाज ऐकू आला, तुझा. घरात तू असल्यासारखा. पायातली चप्पल काढायची विसरून मी तशीच उभी राहिले. अप्पा तुझ्याकडून जुने अर्ज वाचून घेत होते. एकामागून एक. मला चाहूल लागू द्यायची नव्हती, पण त्यांच्यापासून लपतंय काय? म्हणाले, "ताई, ह्याला उतरवायचं कसं, ते सांग. मी करतो."

त्यांनी स्वतः उतरवला. पत्र्याचा आवाज परत लावला. मला वाटलं संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सदरा घातला, यंत्र सुरू केलं आणि मला हाक मारली. "ती फाईल कुठाय?" उघडून दिली. बोटांनी वर गेले, खाली आले. रिकामीच होती. म्हणाले, "म्हणजे मी शिकवलेलं सगळं मला एका जागी वाचता येईल? बाई ते कधी दाखवत नव्हती. एकेक शब्दापुरतीच चौकट उघडायची." मग शिंपीणबाईंचं आडनाव लिहिलं. पत्र्यानं ते चुकवलं. दुरुस्त केलं. पत्र्यानं म्हटलं. अप्पा शहाणा झालास वगैरे काही म्हणाले नाहीत. "पुढचं," म्हणाले.

शिंपीणबाईंना निरोप धाडलाय, या म्हणून.

सोबत एक कागद आहे. त्यांनी टाईप केला, छापला, घडी घातली आणि मला म्हणाले, "तुझ्या पुढच्या पाकिटात घाल." म्हणजे त्यांना पाकिटं माहीत आहेत. मी वाचलेला नाही. (वाचलाय.)

ताई

४ जून

चि. धाकट्यास,

हे पत्र मी स्वतः टंकित केले आहे. यंत्राने ते मला वाचून दाखविले आहे. तरी चूक राहिली असल्यास ती माझी.

कागद गप्प बसतो असा तुम्हा दोघांचा समज दिसतो. पाकीट फाडले की आवाज होतो. वाचताना तुझी बहीण श्वास रोखून धरते आणि नंतर भांडी घासताना तुझ्या पत्रांना मोठ्याने उत्तरे देते. मी आंधळा आहे, बहिरा नाही. यंत्र आपोआप बंद पडले आणि दुकानदाराने दुसरी सिस्टीम टाकून दिली, असे ती म्हणते. मी तिला अधिक विचारलेले नाही.

तू पाठविलेला आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. शिंपीणबाईंचा अर्ज वाचायला लावला. मग नळजोडणीचा. मग आणखी जुने. काम काहीच नव्हते. दुपारभर ऐकत बसलो. घर सोडल्यापासून तू माझ्याशी इतका वेळ बोललेला नाहीस. त्याआधीही नाही.

एके ठिकाणी तू अडखळलास. माझ्या तोंडून निघून गेले, "पुन्हा वाच, घाई कशाची आहे?" आणि सवयीने बोटानेही तेच दाबले. यंत्राने पुन्हा वाचले. त्याच जागी, तेवढेच अडखळून. पुन्हा दाबले, पुन्हा तसेच. कितीही वेळा सांगितले असते तरी ते तसेच वाचणार, न चिडता. तेव्हा माझ्या लक्षात आले की हा तू नव्हेस. तू असतास तर दुसऱ्याच खेपेला उलट उत्तर दिले असतेस आणि पाय आपटत बाहेर गेला असतास.

म्हणून तो आवाज मी उतरविला आहे. पुसलेला नाही. पुसण्यापूर्वी विचारावे असे माझे मत आहे. पेनड्राइव्ह कपाटात माझ्या घड्याळाशेजारी आहे. पत्र्याचा आवाज कुणाचाच नाही, त्यामुळे त्याच्याशी काम करता येते.

तुझ्या मालकीविषयीच्या मतांचे म्हणशील तर ती मला पटली. बाई माझी आहे असे मी इतकी वर्षे समजत होतो. तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. आता नवीच सिस्टीम राहील. हे मी ठरविले आहे, तुम्ही नव्हे. परंतु ज्याला मालक करायला निघालास त्या माणसाला तू एकदा विचारले नाहीस. ही गोष्ट मला बाईच्या जाण्यापेक्षा अधिक लागली आहे आणि ती अजून गेलेली नाही.

त्याविषयी तुला जे सांगायचे असेल ते यंत्रात बसून सांगू नकोस. ताईच्या आडूनही नको.

फोन टेबलावर असतो.

अप्पा

१६ जून

ताई,

दोन्ही कागद मिळाले. अप्पांचा इतक्यांदा वाचला की घडीवर फाटायला आलाय. चुंबकला दाखवला नाही.

फोमची खोली आम्ही अजून मोडलेली नाही. तिथे बसून फोन हातात घेतला आणि ठेवला. असं बरेच दिवस चाललंय. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, "पुसायला मी सांगितलं, ताईनं नाही," इथपासून. मग तो कागद टाकून दिला. लिहिलेलं वाचायला लागलो की अडखळणार, आणि ते म्हणणार पुन्हा वाच. या वेळी दोनदा वाचण्यासारखं काही नकोच. ते रागावले तर रागावू देत. मीही उलट बोलेन बहुतेक. फोन आपटणार मात्र नाही, एवढं स्वतःशी ठरवलंय.

हे पत्र तुला आठवडाअखेरपर्यंत मिळेल. रविवारी दुपारी आमचं चुऱ्याचं मशीन बंद असतं. तेव्हा करतो. तुझ्या फोनवर नाही, टेबलावरच्या.

तू घरातच असशील. वाजला की सवयीनं धावशील, मला ठाऊक आहे. पण उचलू नकोस. कितीही वेळ वाजला तरी.

भिंगरी